गोळी बदलली आणि पोर गुबगुबीत झालं

मराठवाड्यातल्या एका मोसंबी पिकवणाऱ्या गावचा हा मुलगा आता आठ वर्षांचा आहे. त्याला कंजेनायटल अ‍ॅड्रिनल हायपरप्लेझिया, थोडक्यात सीएएच, हा जन्मजात हार्मोनचा विकार आहे. दिवसातून तीनदा हायड्रोकॉर्टिसोन आणि एकदा शरीरातलं मीठ राखणारं फ्लुड्रोकॉर्टिसोन अशी त्याची औषधं. दोन्ही स्टिरॉइडं, दोन्ही जन्मभराची. मी त्याला जिल्ह्याच्या गावी बालरोगतज्ज्ञ म्हणून पाहते. वर्षातून दोनदा तो पुण्याला हार्मोनतज्ज्ञांकडे जातो. आई-वडिलांच्या परवानगीनं आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून हे प्रकरण मांडते आहे. या एकाच मुलाला स्टिरॉइड जास्त झाल्याचाही फटका बसला आणि कमी पडल्याचाही. दोन्ही वेळा सुरुवातीला घरच्यांना सगळं छान चाललंय असंच वाटलं होतं.

पहिले तीन आठवडे

जन्माच्या वेळी वजन ३.१ किलो, रडणं चांगलं, तिसऱ्या दिवशी घरी. दहाव्या दिवसापासून बाळ दूध ओढेना, मग उलट्या. आजीचं म्हणणं, दूध पचत नाही, बाळगुटी द्या. अठराव्या दिवशी माझ्याकडे आणलं तेव्हा वजन २.६ किलोवर आलं होतं, टाळू खोल गेली होती आणि पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती.

आईनं एक गोष्ट आपणहून सांगितली. याच्या आधीचा मुलगाही असाच तीन आठवड्यांचा असताना उलट्या होऊन गेला होता. कागदावर जंतुसंसर्ग असं लिहिलं होतं. आई-वडील नात्यातले, मामाची मुलगी केलेली.

एवढ्याशा मुलाला उलट्या लागल्या की जठराचं तोंड आवळलेलं असण्याची शंका पहिली येते, आणि पाठवणाऱ्या डॉक्टरांनी सोनोग्राफीची चिठ्ठीही दिली होती. पण त्या आजारात पोटातलं आम्ल बाहेर पडत राहतं, रक्त अल्कधर्मी होतं आणि पोटॅशियम खाली जातं. इथे सोडियम ११४ आणि पोटॅशियम ७.८. दोन-तीन आठवड्यांच्या मुलाला उलट्या, सोडियम खाली आणि पोटॅशियम वर, असा कागद हातात आला की दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो सीएएच धरायचा. १७-ओएचपी (या आजारात रक्तात साठणारा, कॉर्टिसोलचा अर्धवट राहिलेला कच्चा माल) आणि कॉर्टिसोलसाठी रक्त आधी काढून ठेवलं. रिपोर्टची वाट न पाहता सलाईन, ग्लुकोज आणि शिरेतून २५ मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन दिलं. दुसऱ्या दिवशी बाळ आईच्या अंगावर पीत होतं. काही दिवसांनी १७-ओएचपीचा रिपोर्ट आला. आकडा प्रयोगशाळेला मोजता येतो त्याच्या वरच्या टोकापलीकडे होता.

या मुलांत मूत्रपिंडावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत एक विकर (एन्झाइम) नसतं किंवा फार कमी असतं. दहापैकी नऊहून अधिक मुलांत ते २१-हायड्रॉक्सिलेज असतं, आणि त्याचं जनुक सहाव्या गुणसूत्रावर आहे. हे विकर नसलं की दोन गोष्टी बनत नाहीत: आजारपणात, उपासात, अपघातात शरीर तगवून धरणारं कॉर्टिसोल आणि शरीरातलं मीठ राखणारं अल्डोस्टेरॉन. मेंदूतून मात्र 'कॉर्टिसोल बनव' असा निरोप येतच राहतो. पाटाचं एक दार बंद पडावं आणि सगळं पाणी शेजारच्या वाफ्यात घुसावं तसा अडलेला कच्चा माल पुरुषी हार्मोनांकडे वळतो. मुलाच्या वडिलांना मी हे असंच सांगितलं होतं आणि बागायतदार माणसाला ते एका वाक्यात कळलं.

मुलींमध्ये हा जादा पुरुषी हार्मोन गर्भातच काम करतो. जननेंद्रियं वेगळी दिसतात, मूल मुलगा की मुलगी असा प्रश्न पडतो, आणि त्यामुळे आजार जन्मतःच ओळखला जायची शक्यता तरी असते. मुलगा मात्र दिसायला अगदी नेहमीसारखा असतो, म्हणून तोच हातचा जातो. या घरातला पहिला मुलगा बहुधा याच आजारानं गेला. आई आणि वडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता असते. नात्यातल्या लग्नात दोघांकडे तेच जनुक असण्याचा संभव वाढतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं मुंबईसह पाच शहरांत लाखाहून अधिक नवजात बाळांची तपासणी केली, त्यात सीएएचचं प्रमाण ५७६२ बाळांमागे एक आलं. टाचेतून रक्ताचा एक थेंब घेऊन कागदावर टिपला की हा आजार पहिल्याच आठवड्यात पकडता येतो. गोव्यानं २००८ मध्ये सरकारी पातळीवर अशी तपासणी सुरू केली होती. महाराष्ट्रात प्रत्येक बाळाला ती मिळेल असं आजही म्हणता येत नाही, आणि याबद्दल माझी चिडचिड होते ती लपवण्याचं कारण नाही.

पाव गोळी आणि सोनाराचा काटा

१९५० मध्ये बाल्टिमोरला लॉसन विल्किन्स यांनी या मुलांना कॉर्टिसोन देऊन पाहिलं, तिथून या आजाराचं चित्र पालटलं. त्याआधी मीठ गमावणारी मुलं बहुतेक दगावत. आजही उपचाराचं तत्त्व तेच आहे: शरीर जे बनवू शकत नाही ते बाहेरून भरून द्यायचं. दम्याला किंवा किडनीच्या आजाराला स्टिरॉइड देतो तेव्हा शरीराच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त देतो, कारण तिथे दाह दाबायचा असतो. सीएएचमध्ये फक्त रोजची तूट भरायची असते. मापात दिलेल्या हायड्रोकॉर्टिसोनला चंद्रासारखा चेहरा, फुगलेलं पोट, ठिसूळ हाडं हे परिणाम सहसा येत नाहीत. पण माप फार अरुंद आहे. वाढत्या मुलाला शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे दिवसाला साधारण १० ते १५ मिलिग्रॅम. अडीच-पावणेतीन किलोच्या बाळाचा पृष्ठभाग असतो ०.१९ चौरस मीटर.

बाळाला सुरुवातीला ५ मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव भाग दिवसातून तीनदा, म्हणजे ३.७५ मिलिग्रॅम दिलं. पृष्ठभागाच्या हिशोबानं हे जास्त होतं. पहिले काही आठवडे ते चालतं, आणि बाळ मोठं होईल तसा तोच डोस आपोआप मापात येतो. सहा महिन्यांचं सात किलोचं झाल्यावर तो दर चौरस मीटरमागे साडेदहा मिलिग्रॅमच्या आसपास आला होता. फ्लुड्रोकॉर्टिसोन ०.१ मिलिग्रॅमची एक गोळी, आणि वर दिवसाला एक ग्रॅम साधं मीठ, दुधातून विभागून.

आता एक ग्रॅम मीठ घरात कसं मोजायचं? चमच्यानं मोजलं तर पाव चमच्यातही दीड ग्रॅम भरतं. वडिलांनी गावातल्या सोनाराकडून काट्यावर एकेक ग्रॅमच्या पुड्या बांधून आणल्या, महिन्याच्या एकदम. सोनारानं पैसे घेतले नाहीत, पण पहिल्यांदा पुड्या कसल्या म्हणून बराच वेळ चौकशी केली म्हणे.

गोळीचे चार तुकडे करणं हे या उपचारातलं सगळ्यात कच्चं काम आहे. ब्लेडनं कापलेल्या चार तुकड्यांत एक मोठा, एक चुरा. गोळी कुटून बाटलीभर पाण्यात मिसळून ठेवावी असं अनेकांना सुचतं. ते करू नये. औषध तळाशी बसतं आणि वरचा चमचा फिका, खालचा चमचा कडक होतो. तुकडा आयत्या वेळी चमच्यात थोड्या पाण्यात विरघळवून लगेच पाजायचा. युरोपात २०१८ पासून अर्ध्या मिलिग्रॅमपासूनचे दाणे भरलेल्या कॅप्सूल मिळतात, खास लहान मुलांसाठी. आपल्याकडे अजून ब्लेड आणि आईची नजर यांवरच भिस्त.

बाळसं

मूल वरचं नीट खायला लागल्यावर मिठाच्या पुड्या बंद करायच्या होत्या. त्या बंद झाल्या नाहीत. हे कळलं तेव्हा मुलगा सव्वातीन वर्षांचा होता आणि त्याच्याबरोबर आणखीही बरंच काही कळलं.

दर तीन महिन्यांनी यायचं ठरलं होतं. मध्ये बागेच्या कामांमुळे आणि आईच्या माहेरच्या आजारपणामुळे पाच महिने गेले. आले तेव्हा आजी बरोबर होती, आणि खूश होती. "लेकरानं कसं बाळसं धरलंय बघा मॅडम. आधी नुसतं काटकुळं होतं." मुलाचे गाल इतके वर आले होते की हसल्यावर डोळे मिटत. पोट पुढे. भूक अशी की ताटावरून उठत नाही. मागच्या खेपेला तो १३ किलो आणि ९१ सेंटिमीटर होता. आता वजन १७.२ किलो आणि उंची ९१.८.

चार किलो वजन वाढलं आणि उंची एक सेंटिमीटरही नाही. या वयात पाच महिन्यांत तीन सेंटिमीटर तरी वाढायला हवी. खाऊन जाड होणारी मुलं सहसा उंचही होत जातात. वजन चढतं आणि उंची थांबते तेव्हा हार्मोनची शंका घ्यायची. रक्तदाब ११८/७८ होता, तीन वर्षांच्या मुलाला फारच जास्त. मी आधी डोस विचारला. सकाळी अर्धी, दुपारी पाव, रात्री अर्धी, एकूण सव्वासहा मिलिग्रॅम. उत्तर बरोबर. मग पिशवीतली पट्टी पाहायला मागितली.

पट्टी प्रेडनिसोलोनची होती.

झालं असं की हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या गावात मिळेनात. तालुक्याच्या औषध दुकानात सांगितलं की ही नाही, पण त्याच जातीची दुसरी आहे, तीही पाच मिलिग्रॅमचीच. वडिलांनी 'पाच' हा आकडा जुळवून पाहिला आणि घेतली. त्यांच्या जागी कोणीही घेतली असती. पण प्रेडनिसोलोन हायड्रोकॉर्टिसोनपेक्षा चौपट जोरदार असतं. प्रेडनिसोलोनचे ५ मिलिग्रॅम म्हणजे हायड्रोकॉर्टिसोनचे २०. मुलाला रोज सव्वासहाऐवजी २५ मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन मिळाल्यासारखं झालं. पृष्ठभाग ०.५७ चौरस मीटर धरला तर दर चौरस मीटरमागे ४४ च्या घरात. शिवाय ते शरीरात जास्त वेळ टिकतं, आणि उंची दाबण्यात तर त्याचा जोर चौपटीहूनही अधिक. म्हणून वाढत्या मुलांना सीएएचसाठी प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन शक्यतो देत नाहीत. त्यात ०.१ मिलिग्रॅम फ्लुड्रोकॉर्टिसोन आणि पुड्यांचं मीठ चालूच. मिठाला धरून ठेवण्याची शरीराची ताकद पहिल्या वर्षानंतर वाढत जाते, त्यामुळे बाळपणीचा डोस पुढे जास्त होतो. रक्तदाब चढला तो या सगळ्याचा मिळून.

अशा वेळी १७-ओएचपी तपासलं तर ते अगदी 'नॉर्मल' येतं. याचंही आलं. रिपोर्टवर एकही आकडा ठळक अक्षरात नव्हता. सीएएचच्या मुलात १७-ओएचपी पूर्ण नॉर्मल असणं हे बहुधा औषध जास्त होत असल्याचं चिन्ह असतं. ते थोडं वरच राहू द्यायचं असतं. म्हणून मी या मुलांच्या फाइलीत आधी उंचीचा तक्ता उघडते आणि मग रक्ताचे कागद. तक्त्याला रक्त काढावं लागत नाही, आणि तो सकाळी काढला की दुपारी, डोसाआधी की नंतर, यानं बदलत नाही.

एका झटक्यात पूर्वीच्या डोसावर आणलं नाही. इतके महिने जादा स्टिरॉइडची सवय झालेलं शरीर एकदम गळून जाऊ शकतं. पुण्याशी बोलून काही आठवड्यांत पायरी-पायरीनं हायड्रोकॉर्टिसोनच्या मापात आणलं, फ्लुड्रोकॉर्टिसोन अर्धी गोळी केली, पुड्या थांबवल्या. रक्तदाब दोन महिन्यांत खाली आला. गाल उतरायला त्याहून जास्त वेळ लागला. आजीला ते उतरलेलं बघवत नव्हतं.

रात्रीची अर्धी गोळी

वडिलांनी या सगळ्यातून एकच अर्थ काढला: स्टिरॉइड वाईट. मोबाइलवर शोधलं तर तिथेही तेच. हाडं, साखर, काचबिंदू, सगळी यादी. रात्रीचा डोस ते देत असत. तो त्यांनी हळूहळू कमी केला, अर्ध्याचा पाव, मग काही रात्री काहीच नाही. बायकोला सांगितलं नाही. मलाही नाही. मुलगा तर खेळत होता, धावत होता, झपाट्यानं उंच होत होता. गोळी कमी केल्यावर पोर वाढायला लागलं, यापेक्षा मोठा पुरावा त्यांना कुठला हवा होता?

आणि उंची खरंच वाढत होती, तेरा महिन्यांत दहा सेंटिमीटरहून अधिक. खुंटलेली वाढ भरून निघते तेव्हाही तक्ता असाच वर चढतो, त्यामुळे नुसत्या उंचीवरून भेद करणं अवघड. सुगावा आईच्या एका वाक्यातून लागला. आंघोळ घालताना तिच्या लक्षात आलं होतं की पोराच्या घामाला मोठ्या माणसासारखा वास येतो. तपासल्यावर जांघेत केस उगवू लागलेले, लिंगाचा आकार वयाच्या मानानं मोठा, अंडग्रंथी मात्र लहान मुलाच्याच. अंडग्रंथी लहान याचा अर्थ पुरुषी हार्मोन तिथून येत नाहीये. ते अ‍ॅड्रिनलमधून येतंय. डाव्या हाताच्या एक्स-रेवर हाडाचं वय, म्हणजे हाडं किती वर्षांच्या मुलाइतकी पिकली आहेत ते, साडेसहा, आणि मुलगा सव्वाचार वर्षांचा.

घरच्यांना समजावायला सगळ्यात कठीण भाग हाच जातो. स्टिरॉइड जास्त झालं तर उंची खुंटते. कमी पडलं तर पुरुषी हार्मोन वाढतं, मूल वर्गात सगळ्यांत उंच दिसतं, पण हाडांची टोकं वेळेआधी जुळतात आणि मोठेपणी ते बुटकं राहतं. दोन्ही वाटा शेवटी त्याच बुटक्या उंचीला येतात. फक्त एकीवर आधी गाल दिसतात आणि दुसरीवर आधी कौतुक होतं.

वडिलांशी बोलणं अजून व्हायचंच होतं. पुढच्या आठवड्यात दोघांना एकत्र बोलावलं होतं. त्याआधीच लग्नाचं जेवण झालं.

मे महिना, दुपारचा मांडव, संध्याकाळपासून उलट्या-जुलाब. आईनं गोळी दिली, ती पडली. पुन्हा दिली, पुन्हा पडली. ओआरएस पाजत राहिली. रात्री अकराच्या सुमारास मुलगा सुस्त झाला. थकून झोपला असेल म्हणून झोपू दिलं. पहाटे उठवला तर नीट जागा होईना. वाटेतल्या एका दवाखान्यात फाइल दाखवून आईनं हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन द्या म्हणून विनवलं. जुलाब झालेल्या पोराला स्टिरॉइड कशाला, असं उत्तर मिळालं. माझ्याकडे पोचला तेव्हा साखर ३८, सोडियम १२४, पोटॅशियम ६.४, रक्तदाब ६८/४०. ५० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन, सलाईन, ग्लुकोज. संध्याकाळी तो उठून बसला आणि वरण-भात मागितला.

निरोगी माणसाच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी ताप किंवा जुलाब सुरू झाले की आपणहून कित्येक पट कॉर्टिसोल सोडतात. याच्या ग्रंथींना ते जमत नाही. रोजचा डोस हा धडधाकट दिवसाचा डोस आहे. आजारपणाचा वेगळा, आणि तो घरच्यांनीच वेळेवर वाढवावा लागतो, कारण डॉक्टरकडे पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. याच्या बाबतीत तर रोजचाही डोस अपुरा होता.

वॉर्डबाहेरच्या बाकावर वडिलांनी रात्रीच्या गोळीचं सांगितलं. बायकोसमोरच सांगितलं, हे त्यांचं धैर्य. मी रागावले नाही. "तुम्ही स्टिरॉइड कमी करायला बघत होता, तेच आम्हीही करतोय, पण मोजून," एवढंच म्हटलं. मग कागदावर दोन रकाने आखून प्रेडनिसोलोनचा डोस आणि त्याच्या शरीराची खरी गरज शेजारी-शेजारी लिहून दाखवली. आकड्यांचा माणूस आहे. बागेच्या फवारणीचं प्रमाण तो लिटरला ग्रॅममध्ये बोलतो. घटवायचं असेल तर कुठवर, आणि त्याखाली का नाही, हे त्याला त्या कागदावरून पटलं.

घरात काय बदललं

औषधाचं नाव आता पट्टीवर वाचलं जातं, पाच-दहा हा आकडा नंतर. एक महिन्याचा साठा कायम जादा ठेवायचा, आणि गोळी मिळाली नाही तर दुकानदाराला पर्याय विचारायचा नाही, मला फोन करायचा. तीन वेळच्या खुणा भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकटीत होतात, आणि रात्रीची खूण आता आई करते.

आजारपणाचे नियम कपाटाच्या दारावर चिकटवले आहेत. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर प्रत्येक डोस दुप्पट, १०२ च्या वर तिप्पट. ताप उतरला की दुसऱ्या दिवशी पुन्हा नेहमीचा. सोबत दर थोड्या वेळानं काहीतरी गोड पेय, साखर उतरू नये म्हणून. गोळी दिल्यापासून अर्ध्या तासात उलटी झाली तर तोच डोस पुन्हा, तोही पडला तर इंजेक्शन आणि थेट रुग्णालय. साधी सर्दी, शाळेची परीक्षा, खेळून दमणं, यांसाठी डोस वाढवायचा नाही. हे शेवटचं मी लाल पेननं लिहिलं. पहाटेच्या त्या प्रसंगानंतर आई प्रत्येक शिंकेला दुप्पट गोळी देऊ लागली होती, आणि अशा दुपटी वर्षभर साठल्या तर मूल पुन्हा त्याच गालांकडे जातं.

इंजेक्शन आईनं शिकून घेतलं. १०० मिलिग्रॅमची पूड असलेली छोटी बाटली, त्यात २ मिलिलिटर पाणी, हलवून विरघळवायचं, निम्मं म्हणजे १ मिलिलिटर सिरिंजमध्ये ओढायचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध. तीन ते बारा वर्षांच्या मुलाला ५० मिलिग्रॅम. सराव घरच्या मोसंबीवर झाला. पहिल्या दिवशी सुई टोचायच्या आधी तिनं मोसंबीलाही स्पिरिटचा बोळा लावला, आणि आम्ही दोघी हसलो. एक बाटली घरी, एक शाळेच्या दप्तरात, दोन्हींवर संपण्याची तारीख मोठ्या अक्षरात.

पुढे तो सहा वर्षांचा असताना पावसाळ्यात पुन्हा जुलाब-उलट्या झाल्या. दुसऱ्या उलटीनंतर तिनं स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बाटली फोडली, इंजेक्शन दिलं आणि १०८ ला फोन केला. रुग्णालयात पोचला तेव्हा साखर ८९ होती. एक सलाईन लावून दुसऱ्या दिवशी घरी. नियमांच्या कागदाखाली आता माझ्या सहीचं एक पत्रही असतं, कोणत्याही डॉक्टरला उद्देशून: या मुलाला आधी हायड्रोकॉर्टिसोन द्यावं, तपासण्या नंतर. पहिल्या खेपेला आईच्या शब्दाला मिळाली नाही ती किंमत त्या पत्राला मिळते. याचं वाईट वाटतं, पण पत्र उपयोगी पडतं.

शाळेच्या बाईंना तेवढंच सांगितलं जेवढं लागतं. कवायत, कबड्डी, सहल, सगळं करू द्या. उलटी झाली किंवा सुस्त झाला तर साखरेचं पाणी पाजा आणि आईला फोन. उन्हाळ्यात त्याच्या डब्यात ताक आणि खारे शेंगदाणे असतात. मीठ कमी पडलं की तो स्वतःच कैरीच्या फोडीवरचं मीठ चाटून फोड बाजूला ठेवतो. आजी आधी त्यावरून ओरडायची. आता ती मला फोनवर ते कळवते, आणि खरं सांगायचं तर शरीराला मीठ पुरतंय का हे सांगणाऱ्या रेनिनच्या रक्ततपासणीइतकंच ते मला कामाचं वाटतं.

आज कुठे आहोत

आठ वर्षं पूर्ण. उंची १२७ सेंटिमीटर, वजन २७ किलो. हायड्रोकॉर्टिसोन दिवसाला सव्वाअकरा मिलिग्रॅम, म्हणजे दर चौरस मीटरमागे साडेअकरा. फ्लुड्रोकॉर्टिसोन अर्धी गोळी. रक्तदाब वयानुसार. गेली साडेतीन वर्षं उंची वर्षाला साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास वाढते आहे.

पण हाडाचं वय दहा आहे. त्या वर्षभरात रात्रीच्या गोळीनं जो वेळ खाल्ला तो परत मिळत नाही, पुढे त्याची गती धरून ठेवता येते एवढंच. वडिलांची उंची १६६, आईची १५३. त्या हिशोबानं मुलगा १६६ च्या जवळपास जायला हवा. तो थोडा कमी राहील असं मी दोघांना स्पष्ट सांगितलं आहे.

मध्यंतरी वडिलांनी मोबाइलवर आणखी एक बातमी दाखवली: डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत क्रिनेसरफॉन्ट या औषधाला चार वर्षांवरच्या सीएएच रुग्णांसाठी मान्यता मिळाली. बातमी खरी आहे. ते औषध मेंदूकडून अ‍ॅड्रिनलला जाणारा तो सततचा निरोप मंद करतं, त्यामुळे पुरुषी हार्मोन दाबण्यासाठी लागणारं जादा स्टिरॉइड कमी करता येतं. हायड्रोकॉर्टिसोन मात्र सुटत नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. घरात पुढच्या बाळाचा विषय निघाला आहे, त्यासाठी दोघांना जनुकतज्ज्ञांकडे पाठवलं आहे. गरोदरपणातच आईला डेक्सामेथासोन देण्याबद्दल त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, तो अजून प्रयोगाचाच भाग आहे आणि मी तो सुचवत नाही.

पुढच्या खेपेला अंडग्रंथींचं माप महत्त्वाचं आहे. मागच्या वेळी ते ३ मिलिलिटर होतं. ४ झालं तर त्याचा अर्थ मेंदूकडूनही वयात येण्याची सुरुवात झाली. हाडाचं वय पुढे गेलेल्या मुलांत हे लवकर होऊ शकतं. तसं असेल तर ते थोपवणारी इंजेक्शनं महिन्याला किंवा तीन महिन्यांनी द्यायची का, हे पुण्याला ठरेल. आईनं त्यांचेही दुष्परिणाम आधीच विचारून ठेवले आहेत. वडील विचारत होते की ती इंजेक्शनं चालू असताना रात्रीची गोळी तशीच द्यायची ना.

तशीच द्यायची.